दुसरा साचा

टक, टक, आणि मग बारीक खरखर, असा आवाज सोमवारी सकाळी कॉम्प्युटरच्या पोटातून आला आणि दातवाल्यांच्या हातातला चहाचा कप ओठांपर्यंत जाऊन तिथेच थांबला. आवाज काही मोठा नव्हता. स्वयंपाकघरात बायको ताटं पुसत होती, तिला तो ऐकू जाणं शक्य नव्हतं, आणि गेला असता तरी तिने तो भिंतीवरच्या घड्याळाच्या नावावर घातला असता. पण दातवाल्यांचा कान छत्तीस वर्षं असल्याच आवाजांवर वाढलेला. भट्टीत पोर्सेलीनचा दात तडकतो तेव्हा नेमका असा आवाज होतो, नखावर नख वाजवल्यासारखा. मग भट्टीचं दार उघडून बघायचं ते केवळ मनाच्या समाधानासाठी. दात गेलेला असतो. पडदा काळा झाला, त्यावर पांढऱ्या अक्षरांत दोन ओळी उमटल्या, आणि दुसऱ्या ओळीत डिस्क सापडत नाही असं म्हटलं होतं. सापडत नाही म्हणजे काय? कालपर्यंत तर पोटातच होती. त्यांनी यंत्र बंद केलं, चालू केलं, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला मात्र ते, आपण त्या गावचेच नाही अशा थाटात, सुरू झालं आणि पडद्यावर नेहमीची पिवळी फोल्डरं रांगेत उभी राहिली. दातवाल्यांनी ती मोजली. सगळी होती. चहा गार झाला होता, तो त्यांनी तसाच पिऊन टाकला.

दातवाले हे नाव इमारतीतल्या लोकांनी ठेवलेलं. अर्ध्या लोकांचा समज असा की हे दातांचे डॉक्टर होते आणि आता निवृत्त झाले आहेत. दातवाले तो समज खोडून काढायच्या भानगडीत पडत नसत, कारण खोडायचा तर सगळं पहिल्यापासून सांगावं लागे: डॉक्टर तोंडात हात घालतात, माप घेतात आणि ते माप एका डबीत घालून गल्लीच्या टोकाला असलेल्या एका कोंदट खोलीत पाठवतात. त्या खोलीत एक माणूस बसलेला असतो. तो त्या मापात प्लास्टर ओततो, साचा काढतो, मेण कोरतो, पावडर कालवतो, ब्रशाच्या टोकाने थरावर थर चढवतो, भाजतो, घासतो, आणि दात तयार करून त्याच डबीतून परत पाठवतो. पेशंट आरशात बघून डॉक्टरांचे आभार मानतो. खोलीतला माणूस पेशंटला कधी दिसत नाही, आणि त्याचा दातही दिसता कामा नये; नजरेत भरला तो दात फसला. असं हे विचित्र काम, ज्याची शाबासकी म्हणजे कुणाच्या काही लक्षातच न येणं. दात कोरून पोट भरत नाही म्हणतात, पण दात घडवून दातवाल्यांचं व्यवस्थित भरलं होतं. पोट भरलं की माणसाला दुसरी भूक लागते. बसमध्ये समोर बसलेली कुणी बाई हसली की ते मनात म्हणायचे, वरचा उजवा दुसरा, माझा. बँकेच्या खिडकीमागचा माणूस जांभई द्यायचा आणि यांना आपलीच तीन दाढांची रांग दिसायची, चोख, जिथल्या तिथे. ओळख द्यायची सोय नाही. अभिमान असा छातीत बंद करून त्यांनी कित्येक बस बदलल्या होत्या.

पुरावा एकच होता, फोटोंचा. साचे ठेवायला जागा कुठून आणायची? वर्ष झालं की पोत्यात भरून, हातोडीने ठेचून टाकून द्यायचे, हा सगळ्याच दातवाल्यांचा रिवाज. पण ठेचण्याआधी हे प्रत्येक साच्याचा आणि त्यावर बसवलेल्या दाताचा एक फोटो काढत, आणि शेजारी कृती लिहीत: मानेला कुठला रंग, पोटाला कुठला, धारेला काय, भट्टी किती. आधी रोलच्या कॅमेऱ्यावर आणि वहीत, पुढे कॉम्प्युटरवर; आणि दोन वर्षांपूर्वी खोली बंद केली तेव्हा हिवाळाभर बसून त्यांनी जुने फोटो आणि वह्यासुद्धा एकेक करून आत चढवल्या. अकरा हजार चारशे सात कामं. वह्यांना मग वाळवी लागली, त्या फेकून द्याव्या लागल्या; तेव्हा वाईटही वाटलं नाही, कारण सगळं आत सुरक्षित होतं. आता तेच आत टकटक करत होतं.

कॉम्प्युटर दुरुस्त करणारा दुपारी आला, गुडघ्यावर बसला, पोट उघडून कान लावला. "काका, डिस्क म्हातारी झालीय," तो म्हणाला. "दिवस काढेल, वर्षही काढेल, कुणी सांगावं. दुसरी प्रत आहे ना?" "आहे तर!" दातवाले ताठ झाले. "माझ्या धंद्यात एकाचे दोन केल्याशिवाय आम्ही कामाला हात लावत नाही." आणि त्यांनी मोठ्या दिमाखात माउस सरकवून दाखवलं: हे फोल्डर, आणि हे शेजारी, नाव 'दुसरी प्रत', दर रविवारी न चुकता भरलेलं. दुरुस्तीवाल्याने दोन्ही फोल्डरं उघडून बघितली. बिचारा भला माणूस होता, हसला नाही. "काका," तो हळूच म्हणाला, "ही प्रत आणि ती प्रत एकाच डिस्कवर आहेत हो." तो निघून गेल्यावर दातवाले बराच वेळ त्या दोन शेजारी शेजारी बसलेल्या पिवळ्या फोल्डरांकडे बघत राहिले, आणि त्यांच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. चूक झाल्याची लाज नव्हती ती. हीच चूक दुसऱ्यांदा झाल्याची होती.

पहिल्यांदा झाली तेव्हा ते सव्वीस वर्षांचे होते आणि मास्तरांच्या हाताखाली काम करत होते. मास्तर म्हणजे ज्यांनी त्यांना ब्रश धरायला शिकवलं ते. जाड भिंगाचा चष्मा, प्लास्टरने कायमची पांढरी झालेली नखं, आणि जीभ अशी की ऐकणाऱ्याने आधी हसावं आणि घरी जाऊन रडावं. एका मापातून दोन साचे ओतायचे हा मास्तरांचा पहिला धडा. एक कामाचा: तो कापायचा, कोरायचा, त्याची वाट लागणारच. दुसरा ठेवणीतला: त्याला हात लावायचा नाही, शेवटी दात त्यावर बसवून बघायचा, कारण माणसाचं तोंड खरं कसं होतं हे फक्त त्यालाच आठवत असतं. सव्विशीतल्या दातवाल्यांनी दोन्ही साचे सुरेख ओतले, बुडबुडा नाही, चीर नाही, आणि एकाच फळीवर शेजारी शेजारी मांडले, कारण जोडी छान दिसत होती. खाली प्लास्टर हलवायचं यंत्र दिवसभर थरथरत होतं. फळीचे खिळे कधी ढिले झाले कळलं नाही. चार वाजता फळी खाली आली आणि दोन्ही साच्यांचं पीठ झालं. एका गाण्याच्या शिक्षिकेला पुन्हा डॉक्टरांकडे जाऊन तोंडाचं माप द्यावं लागलं. मास्तर चष्मा पुसत म्हणाले, "दोन केलेस ते बरं केलंस. शेजारी कशाला ठेवलेस? मरताना एकमेकांना सोबत म्हणून?" त्या दिवसापासून दुसरा साचा दुसऱ्या खोलीत. पुढे स्वतःची खोली घेतली तेव्हा दुसरी खोली परवडत नव्हती, म्हणून ठेवणीतले साचे घरी यायचे, पलंगाखाली. बायकोने लग्नानंतरची सात वर्षं परक्या माणसांच्या जबड्यांवर झोपून काढली, आणि हे ती अजून कुणालाही सांगायला कमी करत नाही. एवढं सगळं शिकलेला माणूस पडद्यावर दोन फोल्डरं शेजारी मांडतो आणि निर्धास्त झोपतो, याला काय म्हणावं? तेव्हा जोडी छान दिसत होती म्हणून, आणि आताही, मनाशी खरं बोलायचं तर, छान दिसत होती म्हणूनच.

"डिस्क जायला आलीय, सगळं दुसऱ्या खोलीत ठेवायचंय," त्यांनी लेकीला मेसेज केला. लेक दूरच्या शहरात नोकरीला होती, आणि कॉम्प्युटरचं काहीही असलं की तिलाच विचारायचं अशी घरातली पद्धत. तासाभरात तिचं उत्तर आलं: बाबा, ऑनलाइन बॅकअप घ्या, खाली तीन नावं देतेय, तुम्हीच बघून ठरवा, मला संध्याकाळपर्यंत मीटिंगा आहेत. खाली तीन निळ्या ओळी. फोन का नाही केला तिने? एरवी कॉम्प्युटरचं निमित्त सापडलं की ती अर्धा तास बोलते, व्हिडिओवर, यांना हे दाबा ते दाबा करत. गेला दीड महिना तिने व्हिडिओ लावलाच नव्हता. आणि मधल्या काळात तिने पाठवलेले दोन फोटो, एक ऑफिसातला, एक मैत्रिणीच्या घरचा, दोन्हींत ती ओठ मिटून हसत होती. दातवाल्यांनी ते फोटो बोटांनी मोठे करून पाहिले होते, इतके मोठे की नुसते ठिपके उरले. बायको एकदा बोलता बोलता म्हणाली होती, तिचं काहीतरी दाताच्या डॉक्टरांकडे चालू आहे म्हणे. कुठल्या दाताचं, हे दातवाल्यांनी विचारलं नाही. विचारणार कसं? तिचा वरचा डावा पहिला त्यांनी केलेला होता. अकराव्या वर्षी ती सायकलवरून पडली आणि दात मुळाशी मोडला. तेव्हापासून ती वाढत गेली तसे त्यांनी तो चार वेळा तात्पुरता केला आणि एकोणिसाव्या वर्षी पाचव्यांदा कायमचा. तेरा दिवस लागले होते त्याला. शेजारच्या खऱ्या दातावर धारेजवळ एक पांढरा ठिपका होता, तर यांनी त्या दातावरही एक ठिपका ठेवला, किंचित वर, किंचित पुसट, कारण दोन दात कधी सारखे नसतात. आयुष्यात तेवढं चांगलं काम त्यांच्या हातून दुसरं झालं नाही, आणि ते त्यांनी फुकट, स्वतःच्या लेकीच्या तोंडात केलं होतं. आता ती मिळवती झाली. तिकडे नव्या तऱ्हेचे दात मिळतात, यंत्रावर कोरलेले, पांढरेशुभ्र. बदलला असेल. सांगायला जड जातंय म्हणून ओठ मिटून घेतले असतील. शाळेत असताना एकदा तिने मैत्रिणींना सांगितलेलं त्यांनी दाराआडून ऐकलं होतं, माझे बाबा हॉस्पिटलात असतात. आता ते आठवून त्यांना राग आला नाही, नुसतं तोंड कडू झालं.

मंगळवारी नाश्ता झाल्यावर ते शर्ट बदलून कॉम्प्युटरसमोर बसले, जणू समोरून तीन उमेदवार मुलाखतीला यायचे होते. पहिल्या कंपनीचं पान फार देखणं होतं. तुमच्या सगळ्या यंत्रांवर सगळं कायम सारखं ठेवतो, असं तिचं म्हणणं. कोपऱ्यात प्रश्न विचारायची चौकट होती. दातवाल्यांनी एका बोटाने टाइप केलं, मी माझ्याकडची फाइल चुकून पुसली तर तुमच्याकडची राहते का? उत्तर आलं, नाही सर, दोन्हीकडे सारखं राहावं हीच तर आमची खासियत. म्हणजे इकडची फळी पडली की तिकडचीही पडणार, तीही खासियत म्हणून. दातवाल्यांनी चौकट बंद केली. दुसरी कंपनी जुन्या प्रती सांभाळत होती, पुसलेलंही वर्षभर परत देत होती, आणि किल्ली विसरली तरी हरकत नाही, जन्मतारीख सांगितली की ते नवी देणार होते. छान वाटलं. मग त्यांनी विचारलं, तुमच्याकडचा कुणी माणूस माझे फोटो उघडून बघू शकतो का? उत्तर यायला थोडा वेळ लागला. साधारणतः नाही, सर. दातवाल्यांनी तो शब्द दोनदा वाचला. त्यांच्या धंद्यात साधारणतः बसतो म्हणजे बसत नाही. आणि हे फोटो काही सहलीचे नव्हते. त्यात ती गाण्याची शिक्षिका होती, जिच्या वरच्या चारही पुढच्या दातांचं गुपित बत्तीस वर्षं संसार केलेल्या नवऱ्याला माहीत नव्हतं. ती दर वेळी माप द्यायला बहिणीकडे जाते सांगून निघायची. त्यात एक वकील होता, जो काढलेली कवळी बायकोला दिसू नये म्हणून तिच्या नंतर झोपायचा आणि तिच्या आधी उठायचा. फोटोत चेहरे नव्हते, पण नंबर होते आणि नंबरापुढे नावं होती. तोंडातलं तोंडाबाहेर जाऊ द्यायचं नाही, हा मास्तरांचा दुसरा धडा. पहिला धडा दोनदा मोडून झाला होता, दुसरा एकदाही मोडायचा नव्हता.

तिसऱ्या कंपनीचं पान साधं, जवळजवळ दरिद्री होतं. जुन्या प्रती ठेवतो. तीन वेगळ्या शहरांत ठेवतो. कुणालाही दिसत नाही, आम्हालाही नाही, कारण तुमच्याकडून निघतानाच सगळं कुलूपबंद होऊन निघतं आणि किल्ली फक्त तुमच्याकडे असते. दातवाल्यांनी विचारलं, आणि मी किल्ली विसरलो तर? लगेच उत्तर आलं: तर आम्ही काहीही करू शकत नाही. पुढे सर नाही, क्षमस्व नाही, हसरा चेहरा नाही. दातवाल्यांना एकदम मास्तरच समोर बसल्यासारखं वाटलं, चष्मा पुसत. "हाच," ते मोठ्याने म्हणाले. स्वयंपाकघरातून बायको म्हणाली, "काय हाच?" पण ते तोपर्यंत किल्ली ठरवायला बसले होते. पानावर अट होती: निदान वीस अक्षरं, कुणाला सुचणार नाही अशी, तुम्हाला विसरता येणार नाही अशी. त्यांना शोधावी लागली नाही. बोटं आपोआप चालली, मधे जागा न सोडता: मान ए तीन, पोट ए दोन, धार काचेची, ठिपका डावीकडे. लेकीच्या दाताची कृती. रंगपट्टीवरची ही नावं जगातल्या प्रत्येक दातवाल्याला ठाऊक, पण हा दात फक्त एकाला. त्यांनी पडद्याकडे असं पाहिलं, जसं ते भट्टीतून निघालेल्या चांगल्या कामाकडे पाहत.

बायको हात पुसत मागे येऊन उभी राहिली. तिला त्यांनी सगळं समजावून सांगितलं, तीन शहरं, कुलूप, किल्ली, आणि शेवटी म्हणाले, "आणि लिहून ठेवायचीसुद्धा गरज नाही. मी विसरलोच समज, तर लेकीच्या फाइलमध्ये ती शब्दशः आहे." बायको म्हणाली, "आणि ती फाइल कुठे आहे?" "आत." "आत म्हणजे त्या कुलपात?" दातवाल्यांनी माउस उगाच इकडून तिकडे सरकवला. "म्हणजे किल्ली आत ठेवून दार ओढून घेतलंत की हो," ती म्हणाली. "माझ्या पाठ आहे ती," ते म्हणाले. "गेल्या रविवारी चष्मा डोळ्यांवर लावून घरभर चष्मा शोधत होतात. डोकं एकच आहे ना? मग तीही एकच फळी झाली. लेकीला फोन करा आणि सांगून ठेवा." एवढं बोलून ती आत गेली. छत्तीस वर्षं दातांवर बारीक हत्यारं चालवलेल्या माणसाला तिने दोन वाक्यांत गार केलं होतं, आणि तिचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं. सात वर्षं जबड्यांवर झोपल्याने हे शहाणपण आलं असणार. पण लेकीला फोन करायचा म्हणजे तिचा आवाज ऐकायचा, आणि आवाजावरून दातवाल्यांना कळलं असतं. नवीन दात बसला की पहिले काही आठवडे स चा उच्चार बदलतो. करू उद्या, ते म्हणाले.

पाठवायला सुरुवात केली तेव्हा यंत्राने विचारलं, आधी काय पाठवू? दातवाल्यांनी अकरा हजारांतून लेकीचं फोल्डर उचलून सर्वांत वर ठेवलं. ते साडेचार मिनिटांत गेलं. मग बाकीचे, अगदी पहिल्यापासून, मुंगीच्या पावलांनी: बुधवारी सव्वीस टक्के, गुरुवारी एक्कावन्न. ते कामाला बसायचे त्याच वेळेला खुर्चीत येऊन बसत आणि हात यंत्राच्या पत्र्यावर ठेवून देत, तापलेल्या लेकराच्या कपाळावर ठेवावा तसा. टकटक मधेच यायची, मधेच थांबायची. टक्के वाढत तसे फोटो डोळ्यांसमोरून सरकायचे, आणि जायच्या आधी निरोप घ्यावा तसा ते एकेक उघडून बघायचे. हा त्या टपालवाल्याचा, ज्याने कुत्र्याला चुकवताना दात घालवला. हा वाकडा, मुद्दाम वाकडा केलेला, कारण पेशंट म्हणाला होता, माझा होता तस्साच वाकडा हवा, नाहीतर आई ओळखणार नाही. डॉक्टरांनी नाक मुरडलं होतं, पण दातवाल्यांनी तो वाकडेपणा तीन दिवस घासून जमवला. आपण हे सगळं केलं. या दोन हातांनी. त्यांनी हात उलटे करून पाहिले. नखांच्या कडांना अजून पांढरी रेघ होती, मास्तरांसारखीच. एवढं काम केलेला माणूस आपल्या ओळखीचा आहे, याचाच त्यांना क्षणभर अभिमान वाटला, आणि तो माणूस आपणच आहोत हे मग लक्षात आलं. फोन काही केला नाही. शनिवारी सकाळी साडेदहाला शंभर टक्के झाले आणि पडद्यावर हिरवी खूण आली. दुपारी दोन वाजता टक असा एकच आवाज झाला, पडदा काळा झाला, आणि मग तीन, चार, सात खेपा बटण दाबूनही त्या यंत्राने डोळा उघडला नाही.

इतके दिवस ज्याची भीती होती ते झालं, आणि दातवाले भ्याले नाहीत. खुर्चीत टेकून बसले. खोली एकदम शांत वाटत होती. आता सगळं दुसऱ्या खोलीत होतं, आणि त्या खोलीची किल्ली एकाच डोक्यात. काचेची की काच? डावीकडे की डाव्या कडेला? ते मनात पुन्हा पुन्हा म्हणून बघू लागले, आणि जितक्या वेळा म्हणाले तितकी ती अनोळखी वाटायला लागली. तेव्हा मात्र त्यांना बसवेना. त्यांनी उठून फोन घेतला. "लिहून घे," लेकीने उचलल्या उचलल्या ते म्हणाले, काय कशी आहेस काही नाही. "जागा सोडू नकोस मधे." तिने लिहून घेतलं. आवाज तिचाच होता, पण स खरंच थोडा हवेशीर होता. "मान ए तीन, पोट ए दोन..." ती पुटपुटत वाचत होती. "बाबा, हे काय आहे?" "तुझा दात," ते म्हणाले. मग ती म्हणाली, "बाबा, मला एक सांगायचं होतं. समोरचा दात गेला माझा." दातवाल्यांनी डोळे मिटले. बदलला नाही, गेला. म्हणजे टिकलाच नाही. "जुना झाला होता," ते शक्य तितक्या सहज म्हणाले. "पोर्सेलीन आहे, कधीतरी..."

"तुमचा नाही हो!" ती जवळजवळ ओरडली. "तुमचा आहे तिथेच आहे. शेजारचा गेला. माझा स्वतःचा." दीड महिन्यापूर्वी ती ऑफिसच्या जिन्यात घसरली आणि कठड्यावर आपटली, सांगितलं असतं तर तुम्ही बॅग भरून निघाला असता, म्हणून आधी नवा बसवून घेऊ आणि मग सांगू असं तिने ठरवलं होतं. पण नवा बसेचना. "दोनदा करून झाला बाबा. दोन्ही वेळा तुमच्या शेजारी तो भिंतीच्या चुन्यासारखा दिसला. आणि गंमत ऐका. पहिल्या दिवशी डॉक्टरांनी रंगपट्टी धरली ती तुमच्या दाताला. म्हणाले, हा तुमचा खरा दात फार सुंदर आहे, याच्याशीच जुळवू. मी गप्प बसले. एक्स-रे आला तेव्हा त्यांनी तो उजेडात धरून तीनदा बघितला, आणि दुसऱ्या खोलीतून अजून दोन डॉक्टरांना बोलावलं. मी तोंड उघडून बसलेय आणि तिघं वाकून बघतायत. कुणी केला म्हणाले. मी म्हटलं, माझ्या वडिलांनी. म्हणाले, वडील डॉक्टर आहेत? मी म्हटलं, नाही, डॉक्टर नाहीत, दात करतात." मग तिने विचारलं, "ती कृती मिळेल का बाबा? इथला दात करणारा माणूस मागतोय. सगळी." दातवाल्यांना मिळेल म्हणायचं होतं, पण ते खिशात रुमाल शोधत राहिले, तेव्हा शेजारी कान लावून उभ्या असलेल्या बायकोने त्यांच्या हातातून फोन घेतला आणि म्हणाली, "मिळेल गं. त्यांना जरा नाक पुसू दे."

सोमवारी दुरुस्तीवाल्याने नवी डिस्क बसवली. दातवाल्यांनी शर्ट बदलला, समोर बसले आणि तिसऱ्या कंपनीचं ते दरिद्री पान उघडलं. किल्ली विचारली. त्यांनी टाइप केली, एका बोटाने, डोळ्यांत तेल घालून, आणि शेजारी लेकीने उलट पाठवलेली प्रत ठेवून अक्षर न् अक्षर ताडून पाहिली. दार उघडलं. सगळं होतं. चावून बघितल्याशिवाय काम पोचतं करायचं नाही, म्हणून त्यांनी आधी लेकीचं फोल्डर उतरवलं आणि पाचही दात पडद्यावर एका रांगेत लावले: अकराव्या वर्षीचा, बाराव्या, चौदाव्या, सोळाव्या, आणि शेवटी एकोणिसाव्याचा, ठिपक्यासकट. एक कणही हललेला नव्हता. मग शेजारच्या खऱ्या दाताचा फोटोही सापडला, त्याच साच्यावरचा, जो आता तिच्या तोंडात नव्हता आणि जगात फक्त इथेच उरला होता. त्यांनी कृतीसकट दोन्ही फोटो लेकीला पाठवून दिले.

बुधवारी दुपारी अनोळखी नंबरावरून फोन आला. छत्तीस वर्षांत त्यांना पेशंटचा फोन आला नव्हता, डॉक्टरांचे फक्त तक्रारीचे आले होते, आणि दुसऱ्या शहरातल्या दातवाल्याचा तर कधीच नाही. पलीकडून घोगरा, मध्यमवयीन आवाज म्हणाला, "मास्तर, मी तुमच्या मुलीचा दात करतोय." दातवाल्यांनी मागे वळून पाहिलं, कुणाला हाक मारली म्हणून, मागे कुणी नव्हतं. आवाज पुढे म्हणाला, "एकच विचारायचं होतं. तुमच्या दातावरचा तो पांढरा ठिपका. भट्टीत आला की मुद्दाम ठेवलात?" "मुद्दाम," दातवाले म्हणाले. पलीकडे त्या माणसाने टेबलावर थाप मारली. मग म्हणाला, "तेच म्हणत होतो मी इथे सगळ्यांना. कुणी ऐकत नव्हतं." मग दोघं पाऊण तास बोलले, पावडर किती ओली, ब्रश कुठल्या केसांचा, दुसरा थर गरम असताना का चढवायचा. बायको दोनदा डोकावून गेली. फोन ठेवायच्या आधी दातवाल्यांना राहवलं नाही. "मापातून दोन साचे ओतलेत ना?" त्यांनी विचारलं. "ओतले ना." "दुसरा कुठे ठेवलाय?" तो माणूस हसला, आणि ते हसणं ऐकून दातवाल्यांना उत्तर आधीच कळलं.

"दुसऱ्या खोलीत, मास्तर," तो म्हणाला.